दोन याद्यांतून निवडलेला पंतप्रधान

लोकशाहीत राज्यकर्ता कोण निवडतो, असा प्रश्न शाळेतील मुलास विचारला तर ‘जनता’ असे उत्तर तो तत्काळ देईल आणि त्याला पूर्ण गुणही मिळतील. संसदीय राज्यपद्धतीत मात्र हे उत्तर अर्धेच खरे आहे. मतदार निवडतो तो आपल्या मतदारसंघाचा सभासद. त्या सभासदांच्या समुदायातून पंतप्रधान कसा निर्माण होतो, हा पुढचा भाग मतदाराच्या दृष्टीआड घडत असतो. कधी तो एका दिवसात उरकतो, कधी त्यास आठवडे लागतात. आणि कधी असेही होते की, ज्याच्या नावाने देशात कोणी मत मागितले नव्हते, असा मनुष्य त्या आसनावर येऊन बसतो.

हा दृष्टीआडचा भाग समजून घ्यावयाचा तर १९७९ सालच्या जुलै आणि ऑगस्ट ह्या दोन महिन्यांइतके बोलके उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्या नाट्यात मराठी माणसाचाही एक प्रवेश आहे, आणि तो अगदी मधल्या अंकातला आहे. परंतु तेथे पोहोचण्यापूर्वी घटनेतील एका कलमाकडे पाहिले पाहिजे.

आपल्या राज्यघटनेचे ७५ वे कलम पंतप्रधानाच्या नेमणुकीविषयी आहे. पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतील, एवढेच ते सांगते. कशी करतील, कोणास आधी बोलावतील, बहुमताची खात्री कशी करून घेतील, ह्याविषयी ते मौन पाळते. त्याच कलमात पुढे मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार राहील असे म्हटले आहे. म्हणजे नेमणूक राष्ट्रपतींच्या हाती आणि आयुष्याची दोरी लोकसभेच्या हाती. घटनाकारांनी हे मौन अनवधानाने पाळले असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये ह्या गोष्टी संकेतांनी चालत आल्या होत्या, आणि आपल्याकडेही तसेच संकेत कालांतराने रूढ होतील, असा त्यांचा भरवसा असावा. संकेत रूढ व्हावयाचे तर तसे प्रसंग यावे लागतात. स्वातंत्र्यानंतरची तीस वर्षे असा प्रसंगच आला नाही.

कारण उघड होते. एका पक्षाचे निर्विवाद बहुमत असले की खरी निवड त्या पक्षाच्या घरात होते आणि राष्ट्रपतींनी केवळ अक्षता टाकावयाच्या असतात. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू निवर्तले, तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष कामराज ह्यांनी सभासदांची मते एकेकाकडून अजमावली आणि मताला न टाकताच लालबहादूर शास्त्रींचे नाव पुढे आले. १९६६ च्या जानेवारीत शास्त्रीजी ताश्कंद येथे अकस्मात मृत्यू पावले. ह्या वेळी मोरारजी देसाई माघार घेईनात, म्हणून १९ जानेवारीस संसदीय पक्षात रीतसर मतदान झाले. इंदिरा गांधींना ३५५ मते पडली, मोरारजींना १६९. एकदा मोजणी झाली, एकदा झाली नाही. पण दोन्ही वेळा भांडण एकाच घरातले होते, आणि घराचा उंबरठा ओलांडून ते राष्ट्रपतिभवनापर्यंत गेले नाही.

१९७७ च्या मार्च महिन्यात हे चित्र पालटले. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत काँग्रेसच्या वाट्यास १५४ जागा आल्या आणि जनता पक्षाने २९५ जागा जिंकल्या. बहुमत स्वच्छ होते. परंतु ते कोणाचे होते हे सांगणे अवघड होते. जनता पक्ष म्हणून जे नाव मतदारांनी ऐकले, त्याखाली संघटना काँग्रेस, भारतीय लोकदल, जनसंघ आणि समाजवादी असे चार संसार एकत्र आले होते. निवडणूक त्यांनी लोकदलाच्या चिन्हावर लढविली. जगजीवनराम ह्यांची लोकशाहीवादी काँग्रेस बाहेरून बरोबर होती. ह्या सर्वांचे विधिपूर्वक विलीनीकरण १९७७ च्या मे महिन्याच्या प्रारंभी झाले, आणि पंतप्रधानाचा शपथविधी झाला २४ मार्चला. कळस आधी चढला, पाया नंतर भरला गेला. पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज ह्या क्रमात होते, असे मला वाटते.

त्या मार्चमध्ये उमेदवार तीन होते. मोरारजी देसाई, चौधरी चरणसिंग आणि जगजीवनराम. तिघांतला जो वयाने लहान, तोही सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. मतदान घेतले असते तर काय झाले असते ह्याचे तर्क पुष्कळ झाले आहेत. पण मतदान घेतलेच नाही. निर्णय जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी ह्या दोन वडीलधाऱ्यांवर सोपविण्यात आला. रुग्णालयात असलेल्या चरणसिंगांनी आपला पाठिंबा पत्राने मोरारजींना कळविला. त्यामागे मोरारजींविषयी प्रेम होते असे कोणी म्हणणार नाही. जगजीवनराम पंतप्रधान होऊ नयेत, हा त्याचा हेतू होता. आणीबाणीचा ठराव लोकसभेत ज्यांनी मांडला, त्यांना हे पद कसे द्यावयाचे, असा एक आक्षेप होता. आणि दलित समाजातील नेता देशाच्या शिरोभागी येण्याची वेळ आली की आक्षेपांना बहर येतो, हेही तितकेच खरे. जगजीवनराम इतके दुखावले की प्रारंभी ते शपथ घ्यावयासही आले नाहीत.

ह्या पद्धतीचा एक दोष लगेच लक्षात येत नाही. मत मोजले की हरणाऱ्याला आपण किती मतांनी हरलो हे कळते आणि तो निमूटपणे घरी जातो. १९६६ मध्ये मोरारजींचे असेच झाले होते. वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने निवड झाली म्हणजे हरलेला मनुष्य हरत नाही; मोजणी झाली असती तर आपणच जिंकलो असतो, हे शल्य तो उराशी बाळगून मंत्रिमंडळात बसतो. मोरारजींच्या दोन बाजूंस असे दोन सहकारी बसले होते. १९७८ च्या मध्यास चरणसिंगांना मंत्रिमंडळातून जावे लागले. १९७९ च्या जानेवारीत ते उपपंतप्रधान म्हणून परत आले, आणि तोल राखण्यासाठी जगजीवनरामांनाही उपपंतप्रधान करावे लागले. एका घरात दोन उपपंतप्रधान म्हणजे काय, हे एकत्र कुटुंबात नांदलेल्यांस समजावून सांगण्याची गरज नाही.

भांडणाचे निमित्त मात्र तात्त्विक होते. जनसंघातून आलेल्या सभासदांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी आपला संबंध ठेवावा की सोडावा, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न मधू लिमये ह्यांनी सातत्याने लावून धरला. पुण्यात जन्मलेले, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांचा तुरुंगवास भोगलेले आणि बिहारमधील बांका येथून निवडून आलेले लिमये हे पदाचा लोभ नसलेले गृहस्थ होते. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न खरा होता. ज्यांनी तो हाती घेतला, त्यांतील सर्वांचे मन मात्र तितके निर्मळ नव्हते. राजनारायण ह्यांना चरणसिंग पंतप्रधान व्हावयास हवे होते, आणि त्यासाठी मिळेल ते अस्त्र चालणार होते.

जुलै १९७९ च्या दुसऱ्या आठवड्यात राजनारायण बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग सभासदांची रीघ लागली आणि जनता पक्ष (धर्मनिरपेक्ष) ह्या नावाने नवा गट उभा राहिला. त्याच सुमारास, १० जुलैला, लोकसभेतील विरोधी पक्षनेतेपद यशवंतराव चव्हाणांकडे आले. काँग्रेस १९७८ च्या आरंभी दुभंगली होती. इंदिरा गांधींचा एक पक्ष आणि यशवंतरावांचा दुसरा, अशी ती वाटणी होती. दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैला, यशवंतरावांनी मोरारजींच्या मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव मांडला. १९५६ मध्ये मोरारजींच्या पश्चात मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद ज्यांच्याकडे आले, त्यांनीच तेवीस वर्षांनी दिल्लीत त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढावी, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे.

ठराव मांडला गेला तेव्हा तो संमत होईल असे फारसे कोणास वाटले नव्हते. १२ जुलैला जॉर्ज फर्नांडिस ह्यांनी सरकारच्या बाजूने लोकसभा दणाणून सोडणारे भाषण केले. आणि दोन-तीन दिवसांतच तेही मंत्रिमंडळाबाहेर पडले. ज्याने बचाव केला, तोच आरोपीच्या पिंजऱ्यातून निघून गेला म्हटल्यावर उरले काय? १५ जुलैला, ठरावावर मत घेतले जाण्यापूर्वी, मोरारजींनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. पण संसदीय पक्षाचे नेतेपद त्यांनी सोडले नाही. येथे त्यांचा हट्ट नडला, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याच दिवशी ते बाजूला झाले असते आणि जगजीवनरामांना नेता निवडू दिले असते, तर फुटलेल्यांपैकी अनेकांची पावले थबकली असती. मोरारजींनी तसे केले नाही. आपणच पुन्हा मंत्रिमंडळ बनवू, अशी त्यांची धारणा होती.

आता प्रश्न राष्ट्रपतींपुढे आला. राष्ट्रपती होते नीलम संजीव रेड्डी. ह्या पदासाठी १९६९ मध्ये ते काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते. बंगलोरच्या बैठकीत इंदिरा गांधींची पसंती जगजीवनरामांना होती आणि मोरारजी, कामराज व यशवंतराव रेड्डींच्या बाजूस उभे राहिले होते. पुढे व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि रेड्डी पराभूत झाले. दहा वर्षांनी ह्याच पाच-सहा व्यक्ती पटावर होत्या. फक्त सोंगट्यांनी घरे बदलली होती, आणि त्या वेळी ज्याला हरविले होते त्याच्या हाती आता फासे होते.

रेड्डींनी प्रथम बोलावले ते यशवंतरावांना. पुष्कळांना ह्याचे आश्चर्य वाटले, पण त्यामागे जुना संकेत होता. सरकार पाडण्याचा ठराव ज्याने मांडला आणि सरकार ज्याच्यामुळे गेले, त्या विरोधी पक्षनेत्याने पर्याय देण्याची जबाबदारी घ्यावी, हे इंग्लिश परंपरेशी सुसंगत होते. १८ जुलैला हे निमंत्रण मिळाले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव दिल्लीस गेले, तेव्हापासून ‘सह्याद्री हिमालयाच्या मदतीस धावला’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघर झाले होते. त्यानंतर सतरा वर्षांनी सह्याद्रीला शिखराचे दार अर्धवट उघडे दिसले. मराठी माणसास पंतप्रधानपदाची इतकी सरळ संधी तोवर मिळाली नव्हती.

परंतु हाती असलेले भांडवल पाहा. यशवंतरावांच्या पक्षाचे बळ बहुमताच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते. पुढे जावयाचे तर चरणसिंग हवेत आणि इंदिरा गांधीही हव्यात. चरणसिंगांनी पक्ष फोडला होता तो यशवंतरावांना पंतप्रधान करण्यासाठी नव्हे. इंदिरा गांधींच्या लेखी यशवंतराव हे फुटलेल्या भावकीतले होते, आणि भावकीला मोठे करण्यापेक्षा परक्याला तात्पुरते उभे करणे राजकारणात नेहमीच सोयीचे असते. परक्याला केव्हाही खाली बसविता येते, भाऊबंद एकदा वतनावर बसला की उठत नाही. चार दिवस खलबते झाली. २२ जुलैला यशवंतरावांनी आपल्याला मंत्रिमंडळ बनविता येत नसल्याचे राष्ट्रपतींना कळविले. त्यांच्यावर कुंपणावर बसण्याचा आरोप लोक नेहमी करीत, पण ह्या एका प्रसंगी मला तो अन्यायाचा वाटतो. ह्या वेळी त्यांच्याजवळ कुंपणही नव्हते. पुढे चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान आणि गृहमंत्री होणे त्यांनी पत्करले, ही गोष्ट वेगळी. तिचे समर्थन करणे कठीण आहे.

ह्यानंतर राष्ट्रपतींनी जे केले त्यास आपल्या इतिहासात पूर्वोदाहरण नव्हते. मोरारजी आणि चरणसिंग ह्या दोघांनाही त्यांनी आपापल्या समर्थक सभासदांच्या याद्या सादर करावयास सांगितले. आपल्याकडे लग्न ठरले म्हणजे याद्या होतात. कोणी काय द्यावयाचे आणि कोणी काय घ्यावयाचे हे दोन्ही पक्षांची वडीलमंडळी लिहून सह्या करतात. येथेही याद्या झाल्या. फरक इतकाच की दोन्ही याद्या वरपक्षाच्या होत्या आणि वधू एकच होती. काही सभासदांची नावे दोन्हीकडे आढळली. आपले नाव मोरारजींच्या यादीत आपल्या संमतीवाचून घातले, अशी तक्रार करणारेही निघाले. सत्य आणि सचोटी हीच ज्यांची आयुष्यभराची कमाई, त्या मोरारजींस अखेरच्या दिवसांत हा बट्टा लागावा, हे खेदजनक होते.

छाननीनंतर राष्ट्रपतिभवनाने जो हिशेब काढला, तो असा: चरणसिंगांच्या बाजूस २६२ आणि मोरारजींच्या बाजूस २३८. बहुमतासाठी २७० च्या आसपास संख्या हवी होती. म्हणजे दोघांपैकी कोणाहीपाशी बहुमत नव्हते. ज्याचा आकडा मोठा, त्यास २६ जुलैला निमंत्रण गेले आणि २८ जुलैला चरणसिंगांनी शपथ घेतली. मोरारजींनी आता नेतेपद सोडले. जनता पक्षाने जगजीवनरामांना नेता निवडले. जे पंधरवड्यापूर्वी करावयास हवे होते, ते आता झाले.

श्रोते हो, ह्या २६२ च्या आकड्याची थोडी फोड करून पाहिली पाहिजे, कारण सगळे मर्म तेथे आहे. त्यात इंदिरा गांधींच्या पक्षाचे सत्तरच्या घरातील सभासद धरलेले होते. ते मंत्रिमंडळात येणार नव्हते. ते बाहेरून पाठिंबा देणार होते. बाहेरून पाठिंबा हा शब्दप्रयोग आज आपल्या अंगवळणी पडला आहे, परंतु त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. मंत्रिमंडळात येणारा पक्ष सत्तेबरोबर अपयशही वाटून घेतो. धान्य महागले, दंगल झाली, कर वाढले, तर लोक त्यालाही जाब विचारतात. म्हणून सरकार मोडताना त्याला दहा वेळा विचार करावा लागतो. बाहेर राहणाऱ्याला गमवावयाचे काहीच नसते. तो आज खांदा देतो आणि उद्या काढून घेतो, आणि काढून घेताना लोकहिताचा एखादा मुद्दा पुढे करणे त्याला मुळीच जड जात नाही. चरणसिंगांचे आसन ज्या चार पायांवर उभे होते, त्यांतला एक पाय असा उसना होता. धनकोने तो केव्हा मागावयाचा, एवढाच प्रश्न होता.

निमंत्रण देताना रेड्डींनी एक अट घातली. शक्य तितक्या लवकर, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, नव्या पंतप्रधानांनी लोकसभेचा विश्वास संपादन करावा, असे त्यांनी कळविले. घटनेत अशी तरतूद नाही. पण तिच्यावाचून दुसरा उपायही नव्हता, आणि माझ्या मते ह्या सबंध प्रकरणात राष्ट्रपतींनी केलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. याद्या बंद खोलीत तपासता येतात, त्यांवरच्या सह्यांविषयी वाद घालता येतो. सभागृहात उठून उभ्या राहिलेल्या सभासदाविषयी वाद घालता येत नाही.

चरणसिंगांवर ती वेळ आलीच नाही. आणीबाणीतील कृत्यांसंबंधीच्या खटल्यांसाठी खास न्यायालये स्थापण्याचा कायदा त्याच वर्षी झाला होता, आणि हे खटले इंदिरा गांधी व त्यांच्या निकटवर्तीयांना भोवणार अशी चिन्हे होती. पाठिंब्याची किंमत काय, हे ऑगस्टमध्ये स्पष्ट झाले. खटल्यांच्या बाबतीत आपण नमते घेणार नाही, असा पवित्रा चरणसिंगांनी घेतला आणि नंतरही ते तसेच सांगत राहिले. त्या एका बाबतीत ते ताठ राहिले, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. १९ ऑगस्टला इंदिरा गांधींच्या पक्षाने विश्वासाच्या ठरावास विरोध करण्याचे ठरविले. २० ऑगस्टला लोकसभा भरावयाची होती. सभागृहास सामोरे न जाता चरणसिंगांनी त्या दिवशी राजीनामा दिला आणि लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला राष्ट्रपतींना दिला. शपथविधीस जेमतेम तेवीस दिवस झाले होते.

आता सर्वांत बिकट प्रश्न उभा राहिला. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असतो, हे ४२ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट झाले होते आणि ४४ व्या दुरुस्तीने त्यात फेरविचारास पाठविण्यापुरती सवलत ठेवली होती. पण हा सल्ला कोणाचा? ज्या पंतप्रधानाने लोकसभेचा विश्वास एक दिवसही मिळविला नाही, त्याने त्या लोकसभेलाच मूठमाती देण्याचा सल्ला द्यावा आणि राष्ट्रपतींनी तो मान्य करावा काय? दुसऱ्या बाजूस जगजीवनराम उभे होते. त्यांचा पक्ष आता लोकसभेतील सर्वांत मोठा पक्ष होता, ते स्वतः विरोधी पक्षनेते झाले होते, आणि बहुमत सिद्ध करण्याची संधी मिळावी एवढेच ते मागत होते. जुलैमध्ये विरोधी पक्षनेत्यास बोलावण्याचा जो संकेत यशवंतरावांना लागू झाला, तो ऑगस्टमध्ये जगजीवनरामांना का लागू होऊ नये, ह्याचे पटण्याजोगे उत्तर मला आजवर कोठे आढळले नाही. राष्ट्रपतींची बाजू घेणारे म्हणत की, पुन्हा एकदा याद्या, पुन्हा फोडाफोडी, पुन्हा सभासदांचा बाजार, ह्यापेक्षा लोकांकडे परत जावे हे बरे. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण बाजार भरेल म्हणून गिऱ्हाइकास दारातही येऊ द्यावयाचे नाही, हा न्याय एकासच का? २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली. १९६९ मध्ये, १९७७ मध्ये आणि १९७९ मध्ये, तीन वेळा पहिले पद जगजीवनरामांच्या हातातोंडाशी आले आणि गेले.

ह्याचे परिणाम केवळ नेत्यांच्या मानापमानापुरते राहिले असते तर आज त्यांची इतकी चर्चा करण्याचे कारण नव्हते. चरणसिंग काळजीवाहू पंतप्रधान म्हणून १९८० च्या १४ जानेवारीपर्यंत राहिले. लोकसभेचे तोंडही न पाहिलेल्या सरकारने सुमारे साडेपाच महिने देश चालविला. काळजीवाहू ह्या शब्दाचा घटनेत उल्लेख नाही. लोकसभा नसली तरी मंत्रिमंडळ असलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एका निर्णयात सांगितले होते, पण त्या मंत्रिमंडळाने किती पाय पसरावेत हे ठरलेले नव्हते. ऑक्टोबर १९७९ मध्ये ह्या सरकारने काळाबाजार रोखण्याच्या हेतूने खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याची मुभा देणारा वटहुकूम काढला. हेतू वाईट होता असे नव्हे. साखर आणि रॉकेल ह्यांसाठी लोक रांगांत उभे होते. परंतु आणीबाणीत स्वतः खटल्यावाचून तुरुंगात राहिलेली माणसे त्या मंत्रिमंडळात होती, आणि ह्या वटहुकुमावर त्यांना जाब विचारावयास त्या दिवशी सभागृहच अस्तित्वात नव्हते. चरणसिंगांच्या नेमणुकीस आव्हान देणारे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालयाने नेमणूक मोडली नाही. मात्र अशा सरकारने लांबणीवर न टाकता येण्याजोग्या नित्याच्या कारभारापलीकडे जाऊ नये, असा अभिप्राय दिला.

जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाने ३५३ जागा जिंकल्या. चरणसिंगांच्या पक्षास ४१ आणि जनता पक्षास ३१ मिळाल्या. यशवंतरावांच्या बाजूची काँग्रेस १३ वर आली; ते स्वतः साताऱ्यातून निवडून आले.

पुढील काळात खेळाचे नियम थोडे बदलले. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला. जुलै १९७९ मध्ये सभासद जसे एकेकटे कुंपण ओलांडून जात होते, तसे जाणे त्यानंतर महाग पडू लागले. बहुमताचा निवाडा राजभवनात न होता सभागृहात व्हावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बोम्मई प्रकरणात ठासून सांगितले. तो खटला कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांचा होता, तरी त्याची छाया दिल्लीवरही पडली. उसन्या पायांची आसने मात्र बनतच राहिली. १९९० च्या नोव्हेंबरात चंद्रशेखर पंतप्रधान झाले ते काँग्रेसच्या बाहेरील पाठिंब्यावर, आणि १९९१ च्या मार्चमध्ये तो पाठिंबा डळमळताच गेले. १९९७ मध्ये देवेगौडांचेही तसेच झाले.

नेता निवडण्याच्या नाट्याचा सर्वांत नाजूक प्रवेश मात्र १ डिसेंबर १९८९ रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात झाला. जनता दलाच्या सभासदांपुढे देवीलाल ह्यांचे नाव सुचविले विश्वनाथ प्रताप सिंग ह्यांनी, त्यास अनुमोदन दिले चंद्रशेखर ह्यांनी. निवडणूक अधिकारी होते आपले मधू दंडवते. त्यांनी देवीलाल निवडून आल्याचे जाहीर केले. देवीलाल उठले, आभार मानले, आणि हा मान आपण विश्वनाथ प्रताप सिंगांना देतो असे म्हणाले. चंद्रशेखर संतापून सभागृहाबाहेर पडले. ह्या व्यवस्थेची कल्पना त्यांना कोणी दिली नव्हती. अकरा महिन्यांनी त्या सरकारचे काय झाले हे सर्वज्ञात आहे. १९७७ प्रमाणेच येथेही मोजणी टळली आणि ज्याला हरविले त्याला आपण हरलो असे वाटले नाही.

राष्ट्रपतींचे संकेतही एकसारखे राहिले नाहीत. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा ह्यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून ग्वाल्हेरच्या अटलबिहारी वाजपेयींना बोलावले. १६१ सभासदांच्या बळावर ते सरकार तेरा दिवस टिकले. १९९८ मध्ये के. आर. नारायणन ह्यांनी आधी मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रे मागितली आणि ती हाती आल्यानंतरच वाजपेयींना निमंत्रण दिले. १७ एप्रिल १९९९ रोजी ते सरकार लोकसभेत एका मताने पडले, २६९ विरुद्ध २७०. ह्या वेळी नारायणन ह्यांनी विसर्जनाची घाई केली नाही. विरोधी बाजूस त्यांनी पर्याय उभा करण्यास अवधी दिला. सोनिया गांधींनी आपल्याकडे २७२ सभासद असल्याचे म्हटले, मुलायमसिंग यादवांनी साथ नाकारली, आकडा जमेना. राष्ट्रपतींनी वाट पाहिली, दुसरा कोणी पुढे येत नाही ह्याची खात्री करून घेतली, आणि मगच २६ एप्रिलला ती लोकसभा विसर्जित झाली.